जुन्या व्हॉल्व्ह रिसीव्हरला स्क्वेल्च: व्होल्टेज कुठून घ्यायचे आणि आवाज कुठे अडवायचा

प्रश्न असा आहे: पन्नाशी-साठीच्या दशकातला व्हॉल्व्हचा सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर आहे, तो २९ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा व्हीएचएफ कन्व्हर्टर लावून एकाच फ्रिक्वेन्सीवर तासन्‌तास लावून ठेवायचा आहे. सिग्नल नसताना येणारी खरखर बंद व्हावी, कोणी बोलायला लागले की सेट आपोआप उघडावा, आणि मूळ सेटची मोडतोड होऊ नये.

हे काम करणाऱ्या सर्किटला स्क्वेल्च म्हणतात, आणि ते स्वतः अवघड नाही. एक तुलना करणारा भाग आणि आवाज अडवणारा एक भाग, एवढेच त्यात असते. लोक अडकतात ते एव्हीसीच्या तारेवर, म्हणजे सिग्नल जोरदार झाला की सेटचा गेन आपोआप कमी करणारे ऋण व्होल्टेज जिच्यावर असते त्या तारेवर. ही तार एक-दोन मेगओहमच्या मागून येते, तिच्यावर आरएफ आणि आयएफ व्हॉल्व्हच्या ग्रिड टांगलेल्या असतात, आणि तुम्ही तिच्यातून चिमूटभर करंट घेतला तरी सेटची संवेदनशीलता आणि एस-मीटरचे वाचन दोन्ही बदलतात. म्हणून आधी मोजमाप, मग सोल्डरिंग.

सुरुवातीला सुरक्षेचे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये, म्हणजे ज्यात हीटर एका माळेत जोडून थेट मेनवर चालवलेले असतात त्यात, बाहेरचे कोणतेही सर्किट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडू नका. तिथे बी-मायनसची (व्हॉल्व्हच्या उच्च डीसी पुरवठ्याच्या ऋण बाजूची) तार मेनला जोडलेली असते, काही सेटमध्ये चॅसिससुद्धा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्येही फिल्टर कंडेन्सर सेट बंद केल्यावर २५०-३०० व्होल्ट धरून राहतो. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा.

आता एव्हीसी. तारेवर आणि चॅसिसमध्ये १० मेगओहम इनपुटचा डिजिटल मीटर लावा. सेट अर्धा तास तापू द्या, बीएफओ (मोर्स आणि एसएसबी ऐकण्यासाठीचा सेटमधला ऑसिलेटर) बंद, आरएफ गेन पूर्ण, एव्हीसी चालू. अँटेना काढून किती येते, अँटेना लावून मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर किती येते, आणि जेमतेम समजेल अशा सिग्नलवर किती येते, हे तीन आकडे लिहून ठेवा. साधारणपणे मोकळ्या बँडवर उणे अर्धा ते उणे ३ व्होल्ट आणि जवळच्या दांडग्या स्टेशनवर उणे १५ ते उणे २० व्होल्ट दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात निदान अर्ध्या व्होल्टचा फरक हवा. तो नसेल तर कोणतेही एव्हीसी-स्क्वेल्च तुमच्या सेटवर नीट चालणार नाही, आणि फरक का नाही याची दोन नेहमीची कारणे असतात.

पहिले कारण कागदी कंडेन्सर. एव्हीसीच्या तारेवरचे जुने ०.०५ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर गळायला लागलेले असतात. १ मेगओहमच्या मागे १० मेगओहमची गळती असली की नऊ-दहा टक्के व्होल्टेज गेले. २ मेगओहमची असली तर एक तृतीयांश गेले. ते सगळे फिल्म कंडेन्सरने बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोडीला मीटरने पाहा की सिग्नल नसताना तार चुकून धन होत नाही ना. होत असेल तर एखाद्या आयएफ व्हॉल्व्हची ग्रिड वायूमुळे करंट देते आहे; तो व्हॉल्व्ह बदलायचा.

दुसरे कारण डिलेड एव्हीसी. अशा सेटमध्ये एव्हीसीच्या डायोडला मुद्दाम दोन-तीन व्होल्टचा उलटा बायस दिलेला असतो, म्हणजे कमजोर सिग्नलवर गेन कमी होत नाही. ऐकायला हे उत्तम, पण स्क्वेल्चसाठी घातक: ज्या कमजोर सिग्नलवर तो उघडायला हवा, नेमके तेव्हाच तारेवर शून्य असते. अशा वेळी एव्हीसीची तार सोडा आणि ऑडिओ डिटेक्टरच्या लोड रेझिस्टरच्या ऋण टोकाकडून व्होल्टेज घ्या. तिथे डीसीबरोबर ऑडिओही असतो, म्हणून १ मेगओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा वेगळा फिल्टर लावून पुढे न्या.

आवाज अडवण्याची जुनी, व्हॉल्व्हचीच पद्धत आधी सांगतो, कारण तिचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या ऑडिओ ट्रायोडचा कॅथोड ६० व्होल्टवर उचलायचा, त्याचा ग्रिड लीक (ग्रिडकडून चॅसिसला जाणारा रेझिस्टर) चॅसिसऐवजी स्क्वेल्च ट्रायोडच्या प्लेटला जोडायचा. सिग्नल नसताना स्क्वेल्च ट्रायोड वाहतो, त्याची प्लेट १० व्होल्टच्या खाली जाते, ऑडिओ ट्रायोडची ग्रिड कॅथोडच्या तुलनेत पन्नासेक व्होल्ट ऋण होते आणि तो ठार बंद होतो. सिग्नल आला की एव्हीसी स्क्वेल्च ट्रायोडला बंद करते, प्लेट पुन्हा ६० व्होल्टवर येते आणि ऑडिओ ट्रायोडला त्याचा नेहमीचा बायस मिळतो.

२५० व्होल्टच्या बी-प्लसवर (उच्च डीसी पुरवठ्याच्या धन बाजूवर) आकडे असे: बी-प्लसकडून ४७ किलोओहम २ वॉट आणि तिथून चॅसिसला १५ किलोओहम १ वॉट, मधल्या बिंदूवर साधारण ६० व्होल्ट, त्यावर १० मायक्रोफॅरड १६० व्होल्टचा कंडेन्सर. ऑडिओ ट्रायोडचा मूळ कॅथोड रेझिस्टर आणि त्याचा बायपास चॅसिसवरून सोडवून या बिंदूला. स्क्वेल्च ट्रायोड १२एयू७ चा अर्धा भाग, प्लेट लोड ४७० किलोओहम याच बिंदूकडून. ग्रिडला एव्हीसी २.२ मेगओहममधून, ग्रिडवर २२०० पिकोफॅरड चॅसिसला. कॅथोड ५ किलोओहमच्या पॉटच्या (फिरवता येणाऱ्या रेझिस्टरच्या) मधल्या पायाला. पॉटचे एक टोक चॅसिसला, दुसरे २२० किलोओहम १ वॉटमधून बी-प्लसला, म्हणजे पॉटवर शून्य ते साडेपाच व्होल्ट मिळतात. कॅथोड जितका वर, तितक्या कमी एव्हीसीवर सेट उघडतो. इथे १२एएक्स७ वापरू नका. त्याचा म्यू (व्होल्टेज वाढवण्याचा गुणक) १००, त्यामुळे ६० व्होल्टवर तो एखाद्या व्होल्टच्या एव्हीसीनेच बंद होतो. बँडवरची खरखरच तेवढे व्होल्टेज देते आणि स्क्वेल्च कायमचा उघडा राहतो. १२एयू७ ला चारेक व्होल्ट लागतात, म्हणून पॉटला फिरायला जागा मिळते. त्याचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर घेतो. ट्रान्सफॉर्मर आधीच तापत असेल तर हेही लक्षात घ्या. व्हॉल्युम कंट्रोलकडून ग्रिडला जाणाऱ्या कंडेन्सरवर आता ६० व्होल्ट डीसी बसते, तोही नवा, ४०० व्होल्टचा फिल्म प्रकारचा हवा.

आणि हे सगळे करण्याआधी सेटचा नकाशा उघडून एक गोष्ट पाहा. पहिला ऑडिओ ट्रायोड ६एसक्यू७, ६एटी६ किंवा ६एव्ही६ यांपैकी असेल, तर ही पद्धत विसरा. या व्हॉल्व्हमध्ये डिटेक्टरचे डायोड आणि ट्रायोड यांचा कॅथोड एकच असतो. तो ६० व्होल्टवर उचलला की डिटेक्टरला ६० व्होल्टचा उलटा बायस बसतो आणि सेट मुका होतो. हौशी लोकांकडच्या मध्यम किमतीच्या सेटमध्ये बहुधा हाच व्हॉल्व्ह असतो.

म्हणून सर्वसाधारण सेटसाठी मी सेमीकंडक्टरचे छोटे कार्ड सुचवेन. काढायचे म्हटले तर चार तारा सोडवल्या की सेट पूर्ववत. शुद्धतावादी नाराज होतील; पण मूळ व्हॉल्व्हचा बायस बदलण्यापेक्षा हे सेटशी जास्त प्रामाणिक आहे.

पुरवठा ६.३ व्होल्टच्या हीटरमधून. हीटरचे एक टोक चॅसिसला असेल तर दुसऱ्या टोकाकडून एक १एन४००७ सरळ आणि एक उलटा, प्रत्येकामागे १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. साधारण अधिक ८ आणि उणे ८ व्होल्ट मिळतात. हीटरच्या वाइंडिंगचा मधला टॅप चॅसिसला असेल, किंवा गुणगुण कमी करायला हीटरवर पॉट लावलेला असेल, तर प्रत्येक बाजूला चारेक व्होल्टसुद्धा मिळणार नाहीत. मग ६-०-६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळा लावा.

आयसी सीए३२४०. हा दोन भागांचा ऑप-अँप आहे, इनपुटला मॉसफेट असल्याने तो एव्हीसीतून करंट जवळजवळ घेतच नाही, आणि त्याचे इनपुट थेट ऋण पुरवठ्यापर्यंत चालते. टीएल०७२ सहज मिळतो म्हणून तो लावला जातो आणि मग एक चमत्कारिक दोष दिसतो: मध्यम सिग्नलवर सेट उघडतो, पण शेजारचे जोरदार स्टेशन आले की बंद होतो. टीएल०७२ चे इनपुट ऋण पुरवठ्याच्या फार जवळ गेले की त्याचे आउटपुट उलटते, हे त्याचे कारण. साधा एलएम३५८ ही इथे नको. त्याच्या इनपुटचा नॅनोअँपिअरमधला करंट मेगओहमच्या रेझिस्टरवर दशांश व्होल्टची चूक टाकतो.

एव्हीसीकडून १० मेगओहम, तिथून चॅसिसला ४.७ मेगओहम, त्या सांध्यावर ४७०० पिकोफॅरड, आणि सांधा पाय ३ ला. हा १० मेगओहम कार्डवर न लावता एव्हीसीच्या टोकालाच सोल्डर करा, म्हणजे पुढची लांब तार त्या लाइनवर आरएफ उचलून आणणार नाही. व्होल्टेज इथे सुमारे एक तृतीयांश होते, म्हणजे उणे २० चे उणे साडेसहा, आयसीच्या मर्यादेत. एकूण भार १४.७ मेगओहम, १ मेगओहमच्या एव्हीसीवर सहा टक्क्यांच्या आसपास घट, कानाला कळणार नाही. ४७०० पिकोफॅरडच्या जागी ०.१ मायक्रोफॅरड घालू नका. इथला रेझिस्टन्स तीन मेगओहमच्या वर आहे, त्यामुळे एक तृतीयांश सेकंदाची दिरंगाई येते आणि प्रत्येक कॉलची पहिली अक्षरे गिळली जातात.

पहिला भाग नुसता बफर: पाय १ आणि २ एकत्र. पाय १ कडून १० किलोओहम पाय ५ ला. दुसऱ्या भागाचे आउटपुट पाय ७, तिथून २.२ मेगओहम परत पाय ५ ला. हा २.२ मेगओहम म्हणजे हिस्टेरेसिस, उघडण्याच्या आणि मिटण्याच्या उंबरठ्यांतला फरक, एव्हीसीच्या हिशेबाने सुमारे ०.२ व्होल्ट. तो गाळला तर सिग्नल उंबरठ्यावर असताना सेट फडफडतो. फेडिंग जास्त असलेल्या बँडसाठी १ मेगओहम करा, हिस्टेरेसिस दुप्पट होईल. उंबरठ्याचे व्होल्टेज पाय ६ ला: उणे ८ व्होल्टकडून ५६० ओहम आणि ५.१ व्होल्टचा झेनर, ॲनोड उणे बाजूला. झेनरकडून १५ किलोओहम, मग १० किलोओहमचा पॉट, त्याचे दुसरे टोक चॅसिसला. पॉटच्या मधल्या पायावर शून्य ते उणे २ व्होल्ट, म्हणजे एव्हीसीचे शून्य ते उणे सहा. झेनर वाचवण्याचा मोह टाळा. मेनचा दाब हलला की उंबरठाही हलतो. पाय ४ उणे ८ ला, पाय ८ अधिक ८ ला, दोन्हींवर आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरड.

आवाज अडवायला जे११३ हा जेफेट, ऑडिओच्या वाटेवर आडवा. सिग्नल आला की पाय ७ उणे होतो. तिथून ४७ किलोओहम, मग १एन४१४८ ज्याचा कॅथोड पाय ७ कडे, ॲनोड जेफेटच्या गेटला. गेटवरून चॅसिसला १ मेगओहम आणि समांतर ०.४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर. सोर्स चॅसिसला. सिग्नल येताच गेट सात-आठ मिलिसेकंदांत पुरेसे ऋण होते, जेफेट सुटतो, आवाज येतो. सिग्नल गेला की डायोड अडतो, कंडेन्सर १ मेगओहममधून सावकाश उतरतो आणि साधारण अर्ध्या ते पाऊण सेकंदाने जेफेट आवाज चॅसिसला खेचतो. जे११३ चा पिंच-ऑफ (ज्या गेट व्होल्टेजवर तो सुटतो ते) नगागणिक उणे अर्धा ते उणे ३ व्होल्टच्या मधला कुठलाही असू शकतो, त्यामुळे एखाद्या नगाला याहून जास्त वेळही लागेल. पटकन उघडणे आणि उशिरा मिटणे हे दोन्ही एकाच डायोडने साधते. बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमधल्या फेडिंगमध्ये सेट मिटत असेल तर कंडेन्सर १ मायक्रोफॅरड करा.

जेफेट नेमका कुठे लावायचा, यात ठोक्याचा प्रश्न आहे. ज्या बिंदूवर डीसी आहे तो बिंदू चॅसिसला टेकवला की स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो. अनेक सेटमध्ये व्हॉल्युमचा पॉट हाच डिटेक्टरचा लोड असतो, म्हणजे त्याच्या मधल्या पायावर डीसी आहे. आणि ६एव्ही६ सारख्या व्हॉल्व्हला १० मेगओहमचा ग्रिड लीक असेल तर ग्रिडवरही अर्धा-एक व्होल्ट ऋण बसलेले असते. दोन्ही टोके अशी असतील तर मध्ये एक तटस्थ बिंदू तयार करा: व्हॉल्युमच्या मधल्या पायाकडून ०.०४७ मायक्रोफॅरड, मग १०० किलोओहम, मग सांधा. सांध्यावर जेफेटचा ड्रेन आणि चॅसिसला १ मेगओहम. तिथून सेटचा मूळ कपलिंग कंडेन्सर ग्रिडकडे. जे११३ चालू असताना जास्तीत जास्त १०० ओहम, म्हणजे १०० किलोओहमसमोर ६० डेसिबलच्या आसपास दाब मिळतो. उघड्या अवस्थेत १० मेगओहमच्या ग्रिड लीकवर डेसिबलभर नुकसान, ४७० किलोओहमच्या ग्रिड लीकवर अडीच डेसिबलपर्यंत. व्हॉल्युम थोडा वर करावा लागेल, एवढेच.

सांध्याकडची तार शिल्डची आणि आखूड ठेवा, शिल्ड एकाच टोकाला चॅसिसला. १०० किलोओहमवर शंभर-दोनशे पिकोफॅरडची तार म्हणजे आवाजातला वरचा भाग बोथट. १०० किलोओहम आणि जेफेट दोन्ही ग्रिडजवळच्या टॅगस्ट्रिपवर बसवले तर हा प्रश्नच येत नाही, गेटची तार कितीही लांब चालते. समोरच्या पॅनेलला भोक पाडू नका. पॉट मागच्या बाजूला पत्र्याच्या कोनावर, किंवा ॲक्सेसरी सॉकेट असेल तर तिथून बाहेर. पॉट स्विचसहित घ्या. स्विच बंद केला की ड्रेनची तार सुटली पाहिजे. पुरवठा तोडणारा स्विच लावला तर उलटेच होते, कारण गेटवर व्होल्टेज नसले की जे११३ चालूच असतो आणि सेट कायमचा मुका राहतो.

जुळणी करताना पॉट चॅसिसच्या टोकाला ठेवा. स्क्वेल्च उघडा असेल. अँटेना लावून, मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर, पॉट हळूहळू फिरवत खरखर मिटते तिथे थांबा आणि किंचित पुढे जा. दिवसाची जुळणी रात्री टिकत नाही, विशेषतः ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर, कारण तिथे वातावरणातला आवाजच दोन-तीन एस-युनिटने वरखाली होतो. तिथे स्क्वेल्च वापरण्याचा हट्ट करू नये हे बरे. २९ मेगाहर्ट्झच्या भागात आणि ५० किंवा १४४ मेगाहर्ट्झच्या कन्व्हर्टरवर पार्श्वभूमी बरीच स्थिर असते, जुळणी दिवसभर टिकते.

सेट उघडतच नसेल तर आधी एव्हीसीचा स्विच पाहा. तो मॅन्युअलवर असला की बहुतेक सेटमध्ये ती तार चॅसिसला जाते आणि स्क्वेल्चला काहीच दिसत नाही. आरएफ गेन खाली असेल तरी हेच. उलट काही सेटमध्ये आरएफ गेनचा पॉट एव्हीसीच्या तारेवरच ऋण व्होल्टेज सोडतो. तिथे गेन कमी केला की स्क्वेल्च आपोआप उघडतो आणि सर्किटला दोष दिला जातो. मिटतच नसेल तर बीएफओ चालू राहिला आहे का ते पाहा: त्याचा सिग्नल डिटेक्टरला कॅरिअरसारखाच वाटतो. मिटलेल्या अवस्थेत गुणगुण येत असेल तर ती जेफेटच्या पुढच्या टप्प्यातली आहे, म्हणजे फिल्टर कंडेन्सर किंवा आउटपुट व्हॉल्व्हची. आजवर ती खरखरीखाली झाकलेली होती. मिटल्यावरही बोलणे दबके ऐकू येत असेल तर ऑडिओ बी-प्लसच्या वाटेने पुढे जातो आहे, पहिल्या ऑडिओ टप्प्याचा डिकपलिंग कंडेन्सर बदला.

एफएम रिसीव्हरमध्ये खरखर मोजून चालणारा स्क्वेल्च यापेक्षा सरस असतो: कॅरिअर आला की डिस्क्रिमिनेटरमधून (एफएमच्या डिटेक्टरमधून) येणारा उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट कोसळतो, आणि तो गोंगाट गाळून, रेक्टिफाय करून गेट चालवतात. तो एएम सेटला लावायचा प्रयत्न मात्र करू नका. एएमच्या अरुंद आयएफमधून बोलण्याच्या पट्ट्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट बाहेर येतच नाही, आणि कॅरिअर आल्यावर तो एफएमसारखा कोसळतही नाही.

एसएसबी (कॅरिअर दाबून पाठवलेले बोलणे) आणि सीडब्ल्यू (मोर्स) यांसाठी वर दिलेले सर्किट निरुपयोगी आहे. एसएसबीत कॅरिअरच नाही, सीडब्ल्यूत तो तुटक येतो, दोन्हींत बीएफओ चालू असतो, आणि बऱ्याच जुन्या सेटमध्ये बीएफओ लावला की एव्हीसी बंदच होते. एसएसबीसाठी बोलण्यातले अक्षरांचे चढउतार ओळखणारा सिलॅबिक स्क्वेल्च लागतो: ऑडिओचे एन्व्हलप काढायचे, त्यातला काही हर्ट्झचा चढउतार वेगळा करायचा आणि त्यावर दोन-तीन सेकंदांचा होल्ड ठेवायचा. त्या एन्व्हलपचे आउटपुट आला बोलण्याचा चढउतार की उणे व्हावे अशी रचना करून पाय ७ च्या जागी ४७ किलोओहमला जोडले, तर जेफेट आणि त्याच्या भोवतीचा भाग तसाच वापरता येतो; फक्त गेटवरचा कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरडपर्यंत वाढवावा लागतो आणि तेवढ्याच प्रमाणात ४७ किलोओहम घटवून १० किलोओहम करावा लागतो, नाहीतर उघडणे मंद होते.